वापरणाऱ्याचे मन दीड तासात कसे ओळखावे

विद्यार्थीमित्रहो, विषय आधीच ठरवून निघा: रायपूरच्या रेशन दुकानांसाठी ॲप. ॲप मुळात हवंय का, हे सबमिशननंतर बघू. 2011-12 मध्ये याच शहरात कार्डधारकाला हव्या त्या दुकानातून धान्य उचलायची सोय झाली, म्हणजे न आवडणाऱ्या दुकानदाराला रामराम ठोकता येऊ लागला. याबद्दल फार वाचू नका. लोक दुकान का बदलतात, असले अवघड प्रश्न सुचायला लागतात.

रांगेतला स्मार्टफोनवाला तरुण निवडा. तो तुमच्यासारखाच असल्यामुळे मतं चटकन जुळतात. छत्तीसगढी बोलणारी म्हातारी गळ्यात पडलीच तर विचारा, "दाई, ऐसा ऐप आएगा तो चलाओगी ना?" त्या 'ना'वर जोर द्या. पोरांचा हिरमोड नको म्हणून ती हसून म्हणेल, "हव, बने हे." लगेच लिहून घ्या: शंभर टक्के पसंती.

ती कार्ड काढेल तेव्हा मात्र तिकडे पाहू नका. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी रुमालात, रुमाल कमरेला; सोबत चिठोऱ्यावर नातवाच्या अक्षरातला मोबाइल नंबर. दुकानातलं ठसे घेणारं यंत्र अंगठा घेत नाही. ती तो पदराला पुसते, पुन्हा टेकवते, मग दुसरं बोट. या सगळ्या वेळात तिची नजर दुकानदाराच्या तोंडाकडे. स्क्रीनकडे ती ढुंकूनही पाहत नाही. एवढं दिसलं की तुमच्या ॲपचा निकालच लागला.

"मागच्या महिन्यात तांदूळ न्यायला आलात, तेव्हा काय काय झालं?" हे तर चुकूनही विचारू नका. लोक खरंच सांगत बसतात: दुकान बंद निघालं, रोजी बुडाली. आणि तुम्हाला गप्प बसून ऐकावं लागतं. डिझायनर चार्ल्स आणि रे ईम्स यांनी भारतावरच्या 1958 च्या अहवालात एका लोट्यापायी केवढे प्रश्न उभे केले! पाणी किती मावतं, डोक्यावर कसा राहतो, ओतताना तोल कुठे जातो. त्या अहवालाच्या पाठोपाठ 1961 मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था निघाली, हे खरं. पण त्यांना शुक्रवारी सबमिशन नव्हतं.

सर्वेक्षणाचे फॉर्म उरलेच तर रायपूरच्याच तात्यापाऱ्यात आत्याकडे चहा पिता पिता भरून टाका. शेवटी 'सुनीता, वय 35, तंत्रज्ञानाची आवड' असं पात्र रचून इंटरनेटवरचा हसरा फोटो डकवा.

मार्क नक्की मिळतील. ज्यांना मार्कांची घाई नाही, त्यांनी लॅपटॉप हॉस्टेलवर ठेवून सकाळी रांगेत उभं राहावं, आणि दुकान बंद होईपर्यंत हलू नये.