हँडीकॅमनिर्णयसिंधू

कमलाकरभट्टांनी १६१२ साली काशीत ‘निर्णयसिंधू’ लिहिला आणि काशिनाथशास्त्री उपाध्यायांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस पंढरपुरात ‘धर्मसिंधू’. एकादशी स्मार्तांनी कधी धरावी, भागवतांनी कधी, ग्रहणाचे वेध कुठून पाळावेत, सुतक किती दिवसांचं, या सगळ्याचा निकाल तिथे लागलेला आहे. घरच्या शूटिंगला कॅमेरा कोणता घ्यावा, याचा तेवढा लागलेला नाही. त्या काळी वीज नव्हती ही सबब मान्य केली, तरी नव्वदच्या दशकापासून पुढची पंधरा-वीस वर्षं मराठी मध्यमवर्ग या प्रश्नावर आचार्यांवाचून चाचपडत राहिला, हे उरतंच. प्रस्तुत प्रबंध ती उणीव भरून काढतो. दरम्यान मोबाइलने हँडीकॅम गिळून टाकला, पण विषय संपला म्हणून प्रबंध थांबवावा असा दंडक कुठल्याही विद्यापीठात नाही.

प्रथम अधिकारी. कॅमेरा घेण्याचा अधिकार कुणाला प्राप्त होतो? ज्याच्या घरी पहिलं बारसं आहे, त्याला. डोहाळजेवणापासून घरात विषय निघू लागतो आणि नवव्या महिन्यात दुकानाची पायरी चढली जाते. दुसऱ्या अपत्याच्या वेळी कॅमेरा कपाटात असतो. मात्र त्याची बॅटरी उतरलेली असते आणि कोरी कॅसेट आणायची राहून गेलेली असते. थोरल्याचे पहिले दात, पहिली पावलं, पहिला वरणभात असं सगळं साग्रसंगीत उपलब्ध असताना धाकट्याच्या वाट्याला एक स्नेहसंमेलन येतं, तेही अर्धं. धाकटी भावंडं हा मुद्दा आयुष्यभर काढतात आणि तो रास्त आहे.

आता प्रमाणं. न्यायशास्त्राने ती चार सांगितली. प्रत्यक्ष इथे चालत नाही, कारण दुकानातला कॅमेरा काचेच्या कपाटात असतो आणि बाहेर काढून दिला तरी त्याला चार्जिंग नसतं. अनुमान असं चालतं: महाग आहे, त्या अर्थी चांगला असणार. यात हेत्वाभास आहे, पण तो दुकानदाराच्या पथ्यावर पडत असल्याने कुणी दाखवून देत नाही. उपमान म्हणजे समोरच्या बिऱ्हाडात आहे तसाच, पण एक बटण जास्त. राहिलं शब्दप्रमाण, म्हणजे आप्तवाक्य. या विषयातले आप्त बहुधा न्यू जर्सीत राहतात आणि त्यांचं वाक्य ठरलेलं असतं: ‘तिकडे अजिबात घेऊ नका, मी येताना आणतो.’ यातून जो अनर्थ ओढवतो, तो पुढे देशधर्मात येईल.

झूमपाशी मात्र थांबावं लागतं. खोक्यावर सगळ्यांत मोठ्या टायपात छापलेला गुण हाच. वीसपट ऑप्टिकल, आठशेपट डिजिटल. दुकानदार वीस गाळतो आणि म्हणतो, ‘साहेब, आठशे झूम आहे!’ ऑप्टिकल झूममध्ये भिंगं खरोखर पुढेमागे सरकतात. डिजिटलमध्ये भिंग जागचं हलत नाही. सेन्सरवर पडलेल्या चित्राचा मधला तुकडा कापून तो पडदाभर ताणतात. आठशेपर्यंत ताणल्यावर दिसतंय ते बाळ आहे की दुपटं, हे सांगायला आईच लागते. शिवाय झूम वाढवला की हाताचा कंपही तेवढाच मोठा दिसतो, त्यामुळे बाळ असलंच तर ते भूकंपात असतं.

पण मूळ शंका वेगळीच आहे. झूम हवा कशाला? दूरचं जवळ आणायला. घरात दूर काय असतं? ज्याला ताडोब्याचा वाघ टिपायचा आहे त्याने आठशेचा विचार खुशाल करावा. बारसं दहा बाय बाराच्या खोलीत होतं. मध्ये पाळणा, त्याच्या दोन्ही अंगांना बाळाची देवाणघेवाण करणाऱ्या बायका, भिंतीशी खुर्च्या, खुर्च्यांत ज्येष्ठ, ज्येष्ठांच्या मांडीवर घुगऱ्यांच्या वाट्या. इथे लागतं ते जास्तीत जास्त माणसं एका चौकटीत घेणारं रुंद भिंग. आणि नेमकं तेच या यंत्रांत नसायचं. झूम शून्यावर आणला तरी बहुतेकांचं भिंग फोटोच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात ४० मिलिमीटरच्या खाली उतरत नसे, म्हणजे मुळातच एक पाऊल पुढे. आजी, आत्या आणि पाळणा असा त्रिवेणी संगम साधायचा, तर शूटिंग करणारा मागे सरकत दारात जातो, दारातून पॅसेजमध्ये, आणि शेवटी जिन्यावर उभं राहून दाराच्या चौकटीसह बारसं टिपतो. सबब निर्णय: झूम न विचारता ‘वाइड कन्व्हर्टर बसतो का’ हे विचारावं. दुकानदार चमकतो. चमकू द्यावं.

दुसरा अनुल्लेखित गुण म्हणजे कान. माइक कॅमेऱ्याच्याच अंगात, भिंगाच्या आसपास असतो. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो, हा पदार्थविज्ञानाचा नियम. आता पाळणा आठ फुटांवर आणि शूटिंग करणाऱ्याचं तोंड वितीवर. परिणाम असा, की आत्याने बाळाच्या कानात सांगितलेलं नाव कॅसेटमध्ये नसतंच. तिच्या पाठीत बसलेले धपाटे पुसट ऐकू येतात. आणि खणखणीत येतं ते हे: ‘काकू, जरा सरका. तुम्ही नाही हो, त्या काकू. अगं, त्याचं तोंड इकडे कर ना! वहिनी, पंखा बंद करा. चालू आहे का हे? लाल दिवा तर लागलाय…’ चित्रात तो कुठेच नाही आणि आवाजात सर्वत्र तोच आहे. उपनिषदांनी ब्रह्माचं वर्णन याहून फार वेगळं केलेलं नाही. आमचं मत असं, की वीस वर्षांनी कॅसेट लावली जाते ती बहुतेकदा याच आवाजासाठी. तरीही ज्यांना नाव ऐकायचं आहे त्यांनी बाहेरचा माइक जोडायचं भोक आहे ना, ते पाहावं. स्वस्त मॉडेलात ते गाळलेलं असतं.

कॅसेटच्या योनी अनेक. १९८३ साली सोनीने बीटामूव्ही काढला, तो खांद्यावर घ्यायचा अडीच किलोंचा ऐवज. तो चित्रित करी, पण केलेलं दाखवू शकत नसे. दुसरी योनी छोट्या व्हीएचएस-सीची. ती मोठ्या कॅसेटच्या आकाराच्या ॲडॅप्टरमध्ये बसवायची, ॲडॅप्टरमध्ये पेन्सिल सेल घालायचा आणि मग व्हीसीआरच्या तोंडात द्यायची. हे पाहून ८ मिलिमीटरच्या कॅसेटलाही असा ॲडॅप्टर मिळतो, अशी समजूत घरोघर पसरली आणि तो आणायला लोक लॅमिंग्टन रोड पालथा घालू लागले. तो मिळणं शक्यच नव्हतं, कारण व्हीएचएसची फीत १२.७ मिलिमीटर रुंद. आठाची फीत तिच्या वाटेने धावणार कशी?

१९९५ मध्ये मिनीडीव्ही अवतरली आणि आमच्या मते इथे शास्त्र पूर्णत्वाला गेलं. फीत ६.३५ मिलिमीटर, चित्र डिजिटल, तासाभरात सुमारे १३ जीबी, आणि कॉम्प्युटरवर उतरवताना तसूभरही झीज नाही. अट एकच: तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो. म्हणून कुणी उतरवली नाही. काटकसरी घरांनी एलपीचं बटण दाबून साठ मिनिटांत नव्वद बसवली, आणि त्या कॅसेटी ज्या कॅमेऱ्यात भरल्या तो बिघडल्यावर दुसऱ्यात नीट चालेनात. पुढच्या आठ सेंटिमीटरच्या डीव्हीडीबद्दल इतकंच, की ‘फायनलाइज’ नावाचा संस्कार राहिला तर ती घरच्या प्लेअरमध्ये चालत नसे, आणि तो राहतच असे. तात्पर्य, घेताना कॅमेरा पाहू नये, दाखवणारं यंत्र पाहावं. आज कॅसेटी कपाटात ठणठणीत आहेत. त्या लावायच्या कशात, म्हणून लोक जुने कॅमेरे शोधत हिंडतात. (कोकणातल्या वाचकांनी ‘ठणठणीत’ हा शब्द वगळून वाचावा. तिथे बुरशीने आमच्याआधी पाहून घेतलेलं असतं.)

देशधर्म. अमेरिकेत एनटीएससी, ५२५ रेषा, सेकंदाला ३० चित्रं. आपल्याकडे पाल, ६२५ रेषा, २५ चित्रं. आप्तांनी सुटकेसमध्ये साड्यांच्या घडीत दडवून, सहार विमानतळावर कस्टमवाल्याकडे न बघता आणलेला कॅमेरा या भेदामुळे घरच्या टीव्हीवर काळंपांढरं, नाहीतर लोळणारं चित्र दाखवी. त्यात आणखी बारकावा आहे. तो कॅमेरा साठाच्या विजेच्या हिशेबाने घडवलेला, आपली वीज पन्नासाची. त्यामुळे ट्यूबलाइटच्या उजेडात अख्खं बारसं लपकत राही. घरचे म्हणत, कॅमेरा इंपोर्टेड आहे, आपली ट्यूबच गेलेली दिसते. आणि स्टार्टर बदलत.

कर्त्याचे दोष पुष्कळ आहेत, त्यांतला व्यत्ययदोष प्रमुख. बटण एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. यातली एक दाबणी चुकली, की तिथून पुढे सगळं उलटं होतं. कार्यक्रम चालू असताना कॅमेरा बंद, आणि ‘झालं, आता जेवायला बसा’ म्हणून तो हातात लोंबकळत निघाला की चालू. अशा कॅसेटींत फरशी, कोल्हापुरी चपला, साडीचे काठ आणि पंगतीकडे निघालेले असंख्य पाय यांचं संथ, सलग चित्रण आढळतं. कोण कुठे बसलं, कुणी कुणाशी बोलणं टाळलं, भाजीत मीठ कमी होतं, हेही त्यातच ऐकू येतं. संशोधकांनी या शाखेकडे दुर्लक्ष करू नये.

हे सर्व वाचून दुकानात गेलेला जिज्ञासू कन्व्हर्टर, माइकचं भोक, पाल आणि एलपी असे चारही मुद्दे काढतो. दुकानदार ऐकून घेतो, दोन मॉडेलं शेजारीशेजारी ठेवतो आणि म्हणतो, ‘ह्याच्यावर बॅग फ्री आहे.’ बॅग बाहेर येते. आजपर्यंत चर्चेत न पडलेल्या सासूबाई पुढे होतात, सगळ्या चेनी उघडून बघतात, आतला कप्पा चाचपतात आणि विचारतात, ‘ह्यात दुधाची बाटली उभी राहते का हो?’

राहते. कच्चं बिल करू की पक्कं, एवढंच मग दुकानदार विचारतो.