छप्पन एपीओचे पप्पा

फौजी कुटुंब म्हणजे ज्या कुटुंबातील एक माणूस सैन्यात नोकरीला असतो आणि बाकीची माणसे त्याच्या सुट्टीची, बदलीची किंवा क्वार्टरची वाट पाहत थांबलेली असतात, अशी या संस्थेची कामचलाऊ व्याख्या करता येईल. मात्र या व्याख्येत पाच वर्षांखालील लेकरे बसत नाहीत, कारण ती कशासाठीच थांबत नाहीत. छत्रपती संभाजीनगरला लागून असलेल्या वाळूज औद्योगिक वसाहतीच्या कुशीत बजाजनगर वसले आहे. 1985 साली बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना सुरू झाला, त्यामागोमाग बीड, जालना, परभणी, बुलढाणा, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून कामगार आले आणि ही वसाहत भरत गेली. त्याच जिल्ह्यांतून फौजेत गेलेल्या जवानांपैकी काहींनीही आपल्या बायकामुलांसाठी येथेच दोन खोल्या पाहिल्या. यामागचा हिशेब साधा होता, कारण गाव एसटीने गाठता येते, शाळा दाराशी आहेत, आणि छावणी, म्हणजे एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी वसवलेली व आजही सैन्याच्या ताब्यात असलेली शहराच्या पश्चिमेची वस्ती, स्कूटीच्या टप्प्यात आहे.

सैन्याच्या नोकरीचे कुटुंबाच्या दृष्टीने दोनच प्रकार असतात. जेथे बायकामुलांना सोबत ठेवता येते ते ‘पीस’ आणि जेथे ठेवता येत नाही ते ‘फील्ड’. पीसमध्येही क्वार्टर ज्येष्ठतेच्या यादीनुसार मिळते आणि ती यादी पुढे सरकण्याचा वेग असा असतो की क्वार्टरची किल्ली हातात पडेपर्यंत पुन्हा फील्डचा हुकूम येण्याची शक्यता नाकारता येत नाही. त्यामुळे फौजी लेकराचे पहिले सहासात वर्षांचे आयुष्य तुकड्यातुकड्यांनी बनते: दीड वर्ष अंबाल्याला, वर्षभर बजाजनगरला, पुन्हा काही महिने झाशीजवळच्या बबिन्याला आणि पुन्हा बजाजनगरला. या प्रवासाचा पहिला परिणाम भाषेवर होतो. अंबाल्याहून परतलेले लेकरू आजीला ‘मेरेको भूक नहीं लगी’ असे सांगते, आजीला त्यातला ‘भूक’ एवढाच शब्द ओळखीचा वाटतो आणि ती ताबडतोब बाजरीची भाकर दुधात कुस्करून समोर ठेवते. भाषिक संघर्षाचा इतका पौष्टिक शेवट अन्यत्र क्वचितच होत असेल.

लेकराच्या दृष्टीने अधिक गुंतागुंतीचा विषय म्हणजे पप्पांचा पत्ता. जवानाच्या पत्त्यात गाव, तालुका, जिल्हा यांपैकी काहीही नसते. त्याचा क्रमांक, हुद्दा, नाव व युनिट यांच्या पुढे ‘मार्फत 56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’ एवढेच लिहिले जाते. एपीओ म्हणजे सैनिकी टपाल कार्यालय. यांपैकी 56 ची टपाल दिल्लीतून व 99 ची कोलकात्यातून पुढे पाठवली जाते, जेणेकरून युनिट नेमके कोठे आहे हे पाकिटावरून कोणालाही कळू नये. ही गुप्तता शत्रूसाठी आखलेली असली तरी तिचा पहिला बळी बालवाडीतली बाई ठरते. ‘तुझे पप्पा कुठे राहतात?’ या प्रश्नाला राख्यांच्या पाकिटावर आत्याने काढलेली अक्षरे आठवून ‘छप्पन एपीओ’ असे खणखणीत उत्तर मिळाल्यावर बाई हे गाव वाळूजच्या अलीकडे की पलीकडे याचा विचार करू लागते. ‘माझे घर’ या विषयाचे चित्र काढताना असे लेकरू दोन घरे काढते, त्यातल्या एकावर 56 हा आकडा घालते आणि दोन्ही घरांच्या मध्ये एक मोबाइल काढते.

मोबाइल हा या संस्थेचा सर्वांत कार्यक्षम आणि सर्वांत बेभरवशाचा सदस्य होय. फील्डमधला जवान नेटवर्क मिळेल त्या टेकाडावर किंवा बंकरच्या कडेला उभा राहून व्हिडिओ कॉल लावतो, तेव्हा बजाजनगरातल्या त्या दोन खोल्यांत मोबाइल कोणी धरायचा यावरून दोन भावंडांत झटापट सुरू होते. जिंकणारे भावंड तो धरते, पण पप्पांना काय दाखवायचे याचा निर्णय झालेला नसल्याने आधी पडलेला दात, मग पोळीवर पसरलेला जाम आणि मग पंख्याला अडकलेला पतंग दाखवला जातो. एवढ्यात कार्टून लागते, मोबाइल पलंगावर उताणा पडतो आणि पुढची काही मिनिटे भारतीय सैन्याचा एक नाईक हुद्द्याचा जवान घरच्या छताचा फिरता पंखा शांतपणे पाहत राहतो. आई स्वयंपाकघरातून ‘बोललात का लेकरांशी?’ असे विचारते, तेव्हा तो ‘हो, झालं बोलणं’ म्हणतो, आणि तेही खोटे नसते.

बजाजनगर या कुटुंबांना का मानवले, याचे कारण स्वस्त भाडे किंवा छावणीचे कॅन्टीन हे नसून येथील वेळापत्रक आहे, असे बारकाईने पाहिल्यास दिसते. कारखान्यांच्या वसाहतीत दिवस तीन पाळ्यांत वाटलेला असतो. पहिल्या पाळीचा बाप लेकरू उठण्याआधी गेलेला असतो, दुसऱ्या पाळीचा बाप ते झोपल्यावर येतो आणि तिसऱ्या पाळीचा बाप घरात असतो, पण दिवसभर झोपलेला असतो, म्हणून त्याच्या दारापुढे क्रिकेट खेळण्यास मनाई असते. अशा गल्लीत बाप न दिसणे ही तक्रारीची किंवा कुतूहलाची बाब राहत नाही. खेळताना ‘तुझ्या पप्पांची कोणती शिफ्ट?’ हा प्रश्न येथे नावाइतकाच सहज विचारला जातो आणि त्यावर फौजी लेकराने ‘लांबची’ असे उत्तर दिल्यास ते सर्वांना पटते, कारण ओव्हरटाइम हा प्रकार सर्वांना ठाऊक असतो. खेड्यात हेच लेकरू ‘बाप सीमेवर असलेले बिचारे’ ठरले असते आणि अधिकाऱ्यांच्या कॉलनीत ‘जवानाचे’. बजाजनगरात ते नुसते लांबच्या शिफ्टवाल्याचे असते, आणि लहान मुलाला याहून सन्मानाचा दर्जा लागत नाही.

या ठिकाणी जपानचा विषय काढणे अप्रस्तुत वाटेल, पण तसे ते नाही. वाळूजच्या कारखान्यातून निघालेल्या मोटारसायकलींच्या टाकीवर एके काळी बजाजसोबत कावासाकी हे जपानी नाव झळकत असे, एवढाच जपानचा संबंध बजाजनगरला ठाऊक असतो. प्रत्यक्षात दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा ताबा सांभाळण्यासाठी राष्ट्रकुलाचे जे सैन्य 1946 मध्ये तेथे गेले, त्यात ब्रिगेडियर थिमय्या यांच्या 268 व्या भारतीय ब्रिगेडमध्ये मराठा पलटणीची एक बटालियनही होती, आणि 2022 मध्ये उलट जपानी सैनिक ‘धर्म गार्डियन’ या संयुक्त सरावासाठी बेळगावला मराठ्यांकडे आले होते. 1946 मध्ये जपानात गेलेल्या मराठी जवानांची लेकरे अर्थातच गावी राहिली. विजेत्या अमेरिकेच्या सैनिकांनी मात्र त्याच वर्षापासून आपली कुटुंबे तेथे आणायला सुरुवात केली. आजही योकोसुका, सासेबो किंवा ओकिनावातील कादेना येथील अमेरिकी तळांवर घरे, शाळा, दवाखाने आणि दुकाने यांसह सैनिकांची लेकरे वाढतात, आणि तळाबाहेर राहणाऱ्या आयांपुढे कोणत्या वारी कोणता कचरा कोणत्या पिशवीत ठेवायचा हा गहन प्रश्न असतो. बजाजनगरची आई या बाबतीत सुखी आहे, कारण येथे घंटागाडीचे गाणे ऐकू आले की वार न पाहता हाताला लागेल ते घेऊन धावायचे असते.

गंमत अशी की बजाजनगरच्या घराचे साम्य त्या अमेरिकी तळाशी नसून तळाच्या कुंपणाबाहेरच्या जपानी घराशी आहे. जपानी कंपन्यांत ‘तान्शिन फुनिन’ नावाची एक रीत आहे. तिच्यात बदली झालेला नोकरदार एकटाच दुसऱ्या शहरात जाऊन राहतो आणि मुलांची शाळा मोडू नये म्हणून बायकामुले आहे तेथेच थांबतात. बजाजनगरच्या आईने हा शब्द ऐकलेला नसतो, परंतु केंद्रीय विद्यालयाचा प्रवेश, शाळेचा दाखला, व्हॅनचे भाडे आणि सासूबाईंचे गुडघे या चार गोष्टींचा ताळेबंद मांडून ती जपानी गृहिणी ज्या निष्कर्षाला येते नेमक्या त्याच निष्कर्षाला आलेली असते. बदलीच्या नोकरीतील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी 1963 मध्ये उभी राहिलेली केंद्रीय विद्यालये देशभर एकच अभ्यासक्रम ठेवतात, त्यामुळे मुलाचे पुस्तक बदलत नाही. पण मैत्रीण बदलते, बाक बदलतो आणि डबा खाण्याची झाडाखालची जागा बदलते, याची तजवीज कोणत्याही नियमावलीत करता आलेली नाही.

आता सुट्टीविषयी. जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक आणि 30 दिवसांची नैमित्तिक रजा असते. ती युनिटच्या सोयीने तुकड्यांत मिळते. लेकरांच्या दृष्टीने तिचे तीन टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात दोन वर्षांचे धाकटे पप्पांना पाहून आईच्या पदराआड जाते आणि मोबाइलकडे बोट दाखवून ‘पप्पा तिकडं’ असे ठणकावून सांगते. समोरचा मिशीवाला माणूस पप्पा असल्याचा दावा करीत असला तरी त्याच्याजवळ पुरावा नसतो. या आठवड्यात त्याला बहुधा ‘काका’ म्हटले जाते. गंमत म्हणजे चौकातला चहावाला त्याच माणसाला ‘मेजर’ म्हणतो, कारण महाराष्ट्रात फौजेतल्या कोणत्याही माणसाला मेजर म्हणण्याची प्रथा आहे. अधिकाऱ्याला जो हुद्दा मिळायला सहा वर्षांची सेवा लागते तो चौकात चहाच्या एका कटिंगमध्ये बहाल होतो, आणि घरात शिरताच काका या पदावर पदावनती होते.

दुसऱ्या टप्प्यात शिस्त येते. सकाळी सहाला उठणे, अंथरूण घडी घालणे, दात घासून रांगेत उभे राहणे असा कार्यक्रम जाहीर होतो आणि मोठी मुलगी तो दोन दिवस अत्यंत आनंदाने पाळते, कारण तिला तो खेळ वाटतो; तिसऱ्या दिवशी तो खेळ नाही हे कळल्यावर ती आईकडे फितूर होते. आईही मनातून तिच्याच बाजूची असते, कारण वर्षाचे उरलेले महिने या तुकडीची नफरी, रेशन, आजार आणि भांडणे तिनेच सांभाळलेली असतात, आणि नवीन आलेल्या माणसाने पहिल्याच आठवड्यात कमान हाती घ्यावी हे तिला मंजूर नसते. ‘अहो, तिला थंड पाण्यानं अंघोळ घालू नका, सर्दी होते’ हे वाक्य सौम्य आवाजात उच्चारले जाते. पण तो हुकूम असतो आणि तो मानला जातो.

तिसरा टप्पा सर्वांत उपयुक्त. शिस्तीचा डाव फसलेला फौजी आता आपल्याला जे खरोखर येते त्याकडे वळतो. तो शाळेच्या गणवेशाला अशी इस्त्री करतो की पँटची घडी कागद कापेल. आणि रात्री पलंगाखालची काळी पेटी, म्हणजे नाव, क्रमांक व युनिट पांढऱ्या रंगात लिहिलेली फौजी ट्रंक, ओढून तिच्यातून पॉलिशची डबी व जुने फडके काढतो, पाण्याचा एक थेंब टाकून छोट्या बुटांची टोके गोल गोल घासत बसतो. धाकटे शेजारी बसून दुसऱ्या बुटाला स्वतःची थुंकी लावते, आणि याच वेळी कधीतरी ‘काका’चे ‘पप्पा’ होतात. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या रांगेत एका पोरीचे बूट ट्यूबलाइट दिसावी इतके चकचकीत असतात. शाळेतल्या बाईंना तेवढ्यावरून कळते की हिचे पप्पा सुट्टीवर आले आहेत. बुटांवरची धूळ परत दिसू लागली की सुट्टी संपली, हेही त्यांना विचारावे लागत नाही.

सुट्टीतल्या एका रविवारी छावणीच्या कॅन्टीनची वारी होते. 1948 पासून चालत आलेल्या या दुकानांत सैनिकांना कार्डावर सवलतीने सामान मिळते, आणि परतताना स्कूटीवर पुढे उभे असलेले एक लेकरू, मागे दुसरे, मध्ये आईबाप, पायांशी तेलाचा डबा व कडेला लटकलेला कुकर असा जो समतोल साधला जातो त्याला वाहतुकीच्या कोणत्याच नियमात मान्यता नाही. नगर नाक्यावर हवालदाराने हात केलाच तर ‘मेजर’ हा दर्जा येथे प्रथमच काही कामाला येतो.

बजाजनगरच्या शेजाऱ्यांनी या कुटुंबांना बरेच काही दिले आहे: रात्री ताप चढला तर गाडी, गॅस संपला तर सिलिंडर, पॅरेंट मीटिंगला सोबत. त्यांना एकच विनंती करावीशी वाटते. सुट्टीवर आलेला फौजी दारात बॅग ठेवतो न ठेवतो तोच ‘कधी आलात?’ आणि त्याच दमात ‘परत कधी जाणार?’ हे दोन प्रश्न जोडीने विचारण्याची जी सवय आहे, तीतला दुसरा प्रश्न किमान आठवडाभर पुढे ढकलावा. लेकरे आसपासच खेळत असतात आणि त्यांना सगळे ऐकू येते.