कल्पना करा!

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये योग शिकवणाऱ्या बाई 'पाय जुळवा, हात वर घ्या' एवढ्यावर कधी थांबत नाहीत. "कल्पना करा," असं त्या म्हणाल्या की आपण आपले राहत नाही. ताडासनात कुणीतरी आपल्या शेंडीला दोरी बांधून छतातून वर ओढत असतं. वृक्षासनात तळव्यांना मुळं फुटतात आणि फरशी फोडून थेट पार्किंगमध्ये उतरतात. "बाई, माझ्या टाचांना नुसत्या भेगाच फुटल्यात हो," असं तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी कळवळून सांगितलं, तर बाई न हसता म्हणाल्या, "मग तिथूनच रुजा."

बाईंना शास्त्र येत नाही असं नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम काढलं, उड्डियान आणि नौली या योगक्रिया क्ष-किरणांखाली तपासून पाहिल्या, हे त्या घरच्या माणसाबद्दल सांगावं तशा सांगतात. मध्यंतरी त्यांनी तसं शास्त्रशुद्ध शिकवूनही पाहिलं. "माकडहाड आत घ्या!" अख्खा वर्ग आपापलं माकडहाड चाचपत एकमेकांकडे बघत राहिला. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, "अहो, मांजर झोपून उठल्यावर कसा आळस देतं? द्या तसा!" आणि सगळ्यांच्या पाठी एकदम कमानदार झाल्या. आपली पाठ आपल्याला जन्मात दिसत नाही; मांजर रोज दिसतं. भुजंग, शलभ, मकर अशी नावं ठेवणारे जुने लोकही बाईंच्याच पंथाचे असणार.

पण बाईंचा खरा जीव शवासनात. "तुम्ही गुहागरच्या वाळूत पडला आहात. लाट येते... जाऽऽते..." हे 'जाते' इतकं लांबतं, की लाटेने दापोली गाठावी. एका डिसेंबरात हवापालट म्हणून त्यांनी सगळ्यांना महाबळेश्वरला नेलं, तर भराभर शिंका सुरू झाल्या आणि बँकेतून निवृत्त झालेले आजोबा उठून स्वेटर घालून परत पडले. मुक्काम पुन्हा गुहागरला हलला. तिथे याच आजोबांनी डोळे मिटल्या मिटल्या विचारलं, "बाई, भरती आहे की ओहोटी? त्या हिशेबाने श्वास घेतो."

"ओहोटी," बाई म्हणाल्या. "सोडा."

वर्ग सकाळी सहाला असतो. सतरंजी आपापली आणावी, आणि घोरणाऱ्यांनी कृपया दारापाशी पडावं. बाकीच्यांना लाट ऐकू येत नाही.