छत म्युनिकचं, नियम मालकाचे

लास व्हेगासला, वाळवंटातल्या त्या शहरात, २००४ पासून एक हॉफब्रॉयहाउस उभं आहे. म्युनिकच्या प्रसिद्ध बिअर हॉलची प्रतिकृती. तशाच कमानी, तसंच चितारलेलं छत, तशीच लांब टेबलं आणि बाकं. बिअरसुद्धा म्युनिकहूनच येते. बाहेर उन्हाळ्यात अंग भाजतं, म्हणून बिअर गार्डन इमारतीच्या आत घेतलंय. झाडं खोटी, आभाळ रंगवलेलं, गारवा यंत्राचा.

बागेतून बागच काढली, तर उरलं काय?

उरला फळीचा फटका. गिऱ्हाइकाने कडक दारूचा एक प्याला रिचवायचा आणि वेट्रेसने लाकडी फळीने त्याच्या पार्श्वभागावर एक ठेवून द्यायची. टाळ्या, मोबाइलवर फोटो, चला पुढचा. हे अमेरिकन खूळ आहे. ‘बव्हेरियन रात्री’च्या नावाखाली ते खपून जातं आणि माणूस जर्मनी पाहिल्याच्या समाधानात घरी जातो.

मग अस्सल कशाला म्हणायचं?

इमारतीला म्हणत असाल, तर म्युनिकलाच अडचण आहे. हॉफब्रॉयहाउसची भट्टी बव्हेरियाच्या ड्यूक विल्हेल्म पाचव्याने १५८९ मध्ये सुरू केली. सामान्य माणसाला तिथे बसून बिअर प्यायची मुभा मिळाली १८२८ मध्ये. आज दिसणारं रूप १८९७ च्या बांधकामाचं. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून त्यातलं बरंचसं उद्ध्वस्त झालं आणि वरचं सभागृह पुन्हा उघडायला १९५८ साल उजाडलं. पर्यटक ज्या भिंतीला हात लावून चारशे वर्षांपूर्वीचा स्पर्श शोधतो, ती त्याच्या आजोबांहून लहान असू शकते.

बिअर जिथे बनते तिथेच प्यायली तर अस्सल, असं म्हणावं, तर गंमत आणखी वाढते. म्युनिकच्या हॉलमधली भट्टी १८९६ मध्येच शहरात दुसरीकडे हलली. १९८८ पासून ती रीम या उपनगरात आहे. उलट अमेरिकेत केंटकीतल्या न्यूपोर्टला २००३ मध्ये उघडलेल्या शाखेत बिअर त्याच छताखाली बनते.

या कसोटीवर शाखा पास आणि मूळ नापास!

गाणं घ्या. म्युनिकच्या हॉफब्रॉयहाउसचा गौरव करणारं, जगभरच्या नकलांमध्ये बाकं थोपटत म्हटलं जाणारं ते गाणं १९३५ सालचं आहे. चाल बांधणारा बर्लिनचा. बव्हेरियाचा पिढीजात सूर म्हणून आपण ज्यावर डोलतो, तो प्रशियाच्या राजधानीतून आलेला.

आणि मोहोर कोणाची? हॉफब्रॉय ही भट्टी बव्हेरिया राज्याच्या मालकीची आहे. परदेशात तिचं नाव लावायचा परवाना तिथूनच मिळतो. म्हणजे नकलेबद्दल म्युनिकने नाक मुरडायचं कारण नाही. नकलेचा पैसा म्युनिकलाही पोचतो.

आता एक साधा प्रश्न. जर्मनी म्हटलं की बव्हेरियाच का? कोलोनला जा. तिथल्या जुन्या ब्राउहाउसमध्ये कोल्श ही तिथली बिअर मिळते, तीही ०.२ लिटरच्या उभट, बारीक ग्लासात. निळ्या अंगरख्यातला वाढपी न विचारता रिकामा ग्लास उचलतो, भरलेला ठेवतो आणि ग्लासाखालच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने एक रेघ मारतो. थांबायचं असेल तर पुठ्ठा ग्लासावर ठेवा. बिल त्या रेघा मोजून. लिटरचा मग नाही, चामडी अर्धी चड्डी नाही, डोंगरी टोपी नाही.

हेही जर्मनच. मग याची नक्कल कुठे दिसते?

दिसणार कशी? महायुद्धानंतर बव्हेरिया अमेरिकेच्या ताब्यातल्या विभागात होता. लाखो अमेरिकन सैनिकांनी पाहिलेला जर्मनी म्हणजे म्युनिक, आल्प्स आणि लिटरचा मग. मायदेशी परतताना हेच चित्र त्यांच्याबरोबर गेलं. एका प्रांताचा पोशाख सबंध देशाचा गणवेश झाला, आणि खुद्द म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टलाही जो तो त्या पोशाखात दिसू लागला तो गेल्या काही दशकांत. साठ-सत्तरच्या दशकांतले फोटो पाहा; माणसं रोजच्या कोट-पॅंटीत बसलेली आहेत.

कपडे, भिंती, गाणी, छत. नकलेचा सगळा जोर तिथे. कारण हे सगळं विकत आणता येतं.

जे विकत आणता येत नाही, ते बघा.

बव्हेरियात उन्हाळ्यात बिअर बनवायला शतकानुशतकं बंदी होती. भट्टीच्या आगीची भीती हे त्यामागचं एक कारण. म्हणून वसंतातच बिअर बनवून ती जमिनीखालच्या तळघरांत साठवायची. तळघर थंड राहावं म्हणून वर चेस्टनटची झाडं लावली. त्यांची मुळं उथळ आणि सावली दाट. खाली खडी पसरली. उकाड्यात माणसं त्या सावलीला येऊन तिथेच प्यायला बसू लागली. शहरातले खानावळवाले बोंबलले. १८१२ मध्ये राजा माक्सिमिलियान पहिल्याने तोडगा काढला: भट्टीवाल्यांनी तळघरावर बिअर विकावी; ब्रेड सोडून खायचं काही विकू नये.

मग खायचं काय? घरून आणायचं.

बंदी पुढे गेली, सवय राहिली. आजही म्युनिकच्या बिअर गार्डनमध्ये कुटुंबच्या कुटुंब टोपली घेऊन येतं. आधी घरचं कापड टेबलावर अंथरलं जातं. मग निघतो पांढरा मुळा, मीठ लावून पाणी सुटलेला, गोल गोल चकत्यांचा. मग ब्रेड, चीज, उरलेलं कोशिंबिरीचं भांडं, पोरांसाठी फळं. कोणी भुवया उंचावत नाही. संकेत सोपा आहे: ज्या टेबलावर हॉटेलचं टेबलक्लॉथ आहे तिथे वाढपी येणार, तिथे त्यांचंच खायचं. उघड्या लाकडी टेबलावर खुशाल आपला डबा सोडा. बिअर मात्र तिथली घ्यायची. नोकरीनिमित्त म्युनिकला राहणाऱ्या मराठी घरांची यात फार चांगली सोय होते. चेस्टनटखाली थालीपीठ खायला कोणाची परवानगी लागत नाही.

हा मालकाचा मोठेपणा नाही, गिऱ्हाइकाचा हक्क आहे.

हक्क म्हणजे किती? १९९५ मध्ये म्युनिकजवळच्या एका बिअर गार्डनविरुद्ध शेजारी कोर्टात गेले आणि रात्री साडेनवाला बंद करण्याचा हुकूम आला. १२ मे रोजी वीस हजारांहून जास्त माणसं म्युनिकच्या रस्त्यावर उतरली. सरकार हललं. १९९९ च्या बव्हेरियन नियमाने रात्री अकराची वेळ दिली आणि बिअर गार्डनच्या दोन खुणाही नोंदवल्या: झाडांची सावली, आणि घरचं खायची मुभा.

मोर्चा काढून टिकवलेली मुभा आहे ती. लास व्हेगासला जाताना ती विमानात चढलीच नाही.

दुसरी गोष्ट, टेबल. म्युनिकला टेबल तुमचं नसतं, जागा तुमची असते. दहा जणांच्या बाकावर चार जण बसले असतील, तर विचारायचं आणि शेजारी टेकायचं. न्यायाधीश आणि नळदुरुस्तीवाला शेजारी शेजारी बसतात, कारण रिकामी जागा तेवढीच असते. एखादं टेबल मात्र राखीव, रोजच्या मंडळींचं. त्यावर तशी पाटीच असते. अनोळखी माणसाने तिथे बसू नये.

हॉफब्रॉयहाउसमध्ये तर रोजच्या गिऱ्हाइकांचे मग ठेवायला लोखंडी जाळीचे कप्पे आहेत, शेकड्यांनी. प्रत्येकाला कुलूप. माणूस येतो, कुलूप उघडतो, आपला मग काढतो, धुतो, भरून घेतो. कप्पा हवा असेल तर जागा रिकामी होण्याची वाट पाहा. पैसे फेकून तो लगेच मिळत नाही.

परदेशी साखळीत काय मिळतं? मग. भेटवस्तूंच्या दुकानात. किमतीच्या चिकटपट्टीसकट.

तिसरी गोष्ट, माप. म्युनिकमध्ये कमी भरलेल्या मगाविरुद्ध १८९९ मध्ये चक्क एक संघटना निघाली. पुढे ती बंद पडली, आणि १९७० मध्ये लोकांनी पुन्हा उभी केली. लिटर म्हणजे लिटर. फेस मोजायचा नाही. ग्लासावरच्या रेषेखाली बिअर राहिली, तर मग परत करून भरून मागायचा. याला तिथे कटकटेपणा म्हणत नाहीत.

आणि एक गोष्ट आहे, जी नक्कल करणाऱ्याला नकोच असते. २४ फेब्रुवारी १९२० ला हॉफब्रॉयहाउसच्या वरच्या सभागृहात सुमारे दोन हजार लोकांसमोर हिटलरने आपल्या पक्षाचा पंचवीस कलमी कार्यक्रम वाचला. १९२३ चा फसलेला उठाव सुरू झाला तोही म्युनिकच्याच दुसऱ्या बिअर हॉलमधून. अनोळखी माणसं एका बाकावर येतात, त्यातून गप्पा होतात, गाणी होतात, आणि हेही झालं. जाहिरातीत १५८९ हे साल ठळक छापतात. १९२० कुठे छापतात?

इतिहास विकायचा, तर पूर्ण विका.

म्हणजे परदेशात खरा बिअर हॉल होऊच शकत नाही? होऊ शकतो, झालेला आहे. शिकागोत १८५५ मध्ये महापौर लीवाय बून यांनी दारूच्या परवान्याची फी ५० डॉलरवरून ३०० वर नेली आणि रविवारी दारूविक्रीची बंदी कडक केली. जर्मन स्थलांतरितांचा सहा दिवस घाम गाळून मिळणारा एकच मोकळा दिवस रविवार, बायकापोरांसह बिअर गार्डनमध्ये घालवायचा. ते रस्त्यावर उतरले. २१ एप्रिलला गोळीबार झाला, माणूस मेला. पुढच्या निवडणुकीत त्यांनी मतपेटीतून उत्तर दिलं आणि फी खाली आली.

त्यांच्याकडे चितारलेलं छत नव्हतं. पण त्यांच्या बिअर हॉलला खोटा म्हणायची कोणाची हिंमत आहे?

टेक्सासात ऑस्टिनला ऑगस्ट शोल्झ या जर्मन स्थलांतरिताने १८६६ मध्ये सुरू केलेलं शोल्झ गार्टन अजून चालू आहे. १९०८ मध्ये ते तिथल्या जर्मन गायनमंडळाने विकत घेतलं, आपली गाणी म्हणायला जागा हवी म्हणून. ब्राझीलच्या ब्लुमेनाऊला १९८३ आणि १९८४ मध्ये लागोपाठ पूर आले. खचलेलं गाव उभं राहावं म्हणून १९८४ मध्येच तिथे ऑक्टोबरफेस्ट सुरू झाला. जर्मन वंशजांचं गाव, स्वतःची गरज, स्वतःचा उत्सव. म्युनिकसारखं दिसतं की नाही, हा तिथे प्रश्नच नाही.

हे लोण आपल्याकडेही आहे. देशातल्या पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी एक २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली, तीही जर्मन ब्रूमास्टरच्या हातची. आता पुण्या-मुंबईत ऑक्टोबर आला की निळ्या-पांढऱ्या पताका लागतात, ब्रास बॅंड येतो, मगाएवढीच मोठी किंमत येते. दारावर पाटी असते ती असतेच: ‘बाहेरील खाद्यपदार्थ आणू नयेत.’

तेव्हा कोणी ‘अस्सल जर्मन बिअर गार्डन’ म्हणून बोलावलं, तर छताकडे पाहू नका. फोन करून एवढंच विचारा: घरचा डबा चालेल का, आणि अनोळखी माणसाच्या शेजारी बसवाल का? दोन्हीला नाही म्हणाले, तर ते हॉटेल आहे. हॉटेल म्हणून जा, हॉटेलाइतकेच पैसे द्या, आणि जर्मनीचे वेगळे देऊ नका.