कडेवरचे आणि पोटातले : दुसऱ्या गर्भारपणाची आचारपद्धती

दुसरे गर्भारपण म्हणजे पहिले मूल कडेवरून उतरण्यास राजी नसताना पोटात दुसरे वाढत असण्याची अवस्था होय; पहिल्या खेपेचे विश्रांतीचे सर्व नियम याही वेळी लागू असतात, मात्र ते पाळण्याची परवानगी दोन वर्षे वयाच्या एका व्यक्तीकडून घ्यावी लागते. बागलाण तालुक्यात मोसम नदीकाठी वसलेल्या नामपूर गावातील परिस्थिती ध्यानात घेऊन ही पद्धती येथे मांडली आहे.

पहिला प्रश्न मुहूर्ताचा. एका बाळंतपणानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. नामपुरात मात्र वर्ष उन्हाळ कांद्याच्या हिशेबाने चालते, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्च-एप्रिलमध्ये काढणी आणि पुढे चाळीत, अर्थात हवा खेळती राहील अशा साठवणगृहात, भाव येईपर्यंत मुक्काम. ज्या स्त्रीचे उलट्यांचे आठवडे काढणीत येतात तिला उग्र वासापासून दूर राहण्याचा सल्ला मिळतो, परंतु अंगणात कांदा, ओट्यावर कांदा आणि लिलावाहून परतलेल्या पतीच्या सदऱ्यालाही कांदा असल्यामुळे हा सल्ला नम्रपणे ऐकून सोडून द्यावा. मोरीत ओकारी काढताना मूल पाठीमागे गाऊन धरून उभे राहते, तो आवाज काळजीपूर्वक आत्मसात करते आणि सायंकाळी पाहुण्यांसमोर सादर करते. अशा प्रसंगी बातमी लपवण्याचा प्रयत्न करू नये. तसेही शेजारणींनी मुलाची किरकिर पाहून ‘पाठीवर कोणी आलं वाटतं’ असे निदान आधीच केलेले असते.

भारवहनाच्या बाबतीत शास्त्र आणि व्यवहार यांत काहीसा विसंवाद आढळतो. ‘वाकू नको, जड उचलू नको’ हे वाक्य घरातील प्रत्येक वडीलधारी व्यक्ती उच्चारते, आणि बहुधा ते उच्चारतानाच सुमारे ११ किलोचे रडते मूल गर्भवतीच्या हाती देते, कारण ‘ते तुझ्याशिवाय राहत नाही’. येथे वाद घालू नये. आधी खाली बसावे आणि मुलाला मांडीवर चढू द्यावे. दुसऱ्या खेपेस गर्भाची हालचाल पहिल्यापेक्षा लवकर, बहुधा १६ व्या आठवड्याच्या सुमारास, जाणवते असे सांगतात. ती आतल्याची की पोटावर बसलेल्याची, हे ठरवण्याचे साधन अद्याप उपलब्ध नाही.

लोहाच्या गोळ्यांबाबत मात्र विनोदाला जागा नाही. सरकारी दवाखान्यातून गर्भवतीला किमान १८० दिवस पुरतील इतक्या गोळ्या देण्याची तरतूद असून त्या लाल व साखरेचा लेप असलेल्या, म्हणजेच दुकानातल्या गोड गोळ्यांसारख्या दिसणाऱ्या असतात, आणि लहान मुलाने त्या मूठभर गिळल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून डबी सर्वांत वरच्या फळीवर ठेवावी. तिथवर चढणे गर्भवतीला शक्य नसल्याने रोज गोळी काढून देण्याचे काम पतीकडे सोपवावे, म्हणजे गर्भारपणात त्याचाही काही सहभाग नोंदवता येतो.

लिंगनिदानावर महाराष्ट्राने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केला; तथापि मुलाला समोर उभे करून ‘भाऊ येणार की बहीण?’ असे विचारण्याची प्रथा कायद्याच्या कक्षेबाहेर राहिली आहे. मूल बहुधा शेवटचा ऐकलेला शब्द उच्चारते, त्यामुळे उत्तर ‘भाऊ’ येईपर्यंत प्रश्नातील शब्दांचा क्रम बदलला जातो. कडेवर मुलगी असेल तर ‘बहीण’ हा पर्याय प्रश्नातून गळतोच. ‘बाळ’ एवढाच शब्द मुलाला आधीपासून पढवून ठेवणे, हा यावरचा एकमेव उपाय होय.

मूल काही तास अन्यत्र राहावे अशी अपेक्षा असल्यास अंगणवाडीकडे पाहिले जाते. परंतु तेथील शालापूर्व शिक्षण तीन वर्षांपासून सुरू होते, त्याआधी मुलाच्या नावे घरपोच शिधा मिळतो, म्हणजे शिधा घरी येतो आणि मूलही घरीच राहते. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयात गर्भवतींची विशेष तपासणी असते, त्या रांगेतही ते सोबत असते आणि रक्तदाबाचा पट्टा आपल्याच दंडाला बांधावा असा आग्रह धरते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्याने त्या खेपेस दोन्ही घरांची कर्तव्ये ठरलेली असतात. दुसऱ्या खेपेस ती कोणाचीच नसतात. शिवाय दुसऱ्या वेळी कळा सहसा कमी काळ चालतात, त्यामुळे १०२ किंवा १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावल्यावर मूल कोणाकडे द्यायचे याचा विचार करण्यास अवधी उरत नाही. यास्तव सातव्या महिन्यात घरात बैठक घ्यावी. बैठकीत सर्वजण ‘आम्ही आहोत ना’ असे म्हणतील; हा ठराव समजू नये. एका व्यक्तीचे नाव, तिचा मोबाइल क्रमांक, ती त्या आठवड्यात कांद्याच्या लिलावाला जाणार आहे की नाही, आणि मूल वरणभात कोणत्या वाटीतच खाते, एवढे कागदावर लिहून घ्यावे आणि त्याखाली तिची सही घ्यावी.