सलग ऐकायचं असतं

माझ्या पिढीत अल्बम म्हणजे लग्नाचा. गाण्यांची असायची ती कॅसेट, आणि तीही आख्खी विकत घेणारी आमच्या चाळीत दोन-तीनच घरं. बाकीचे आम्ही कोरी कॅसेट आणि कागदावर गाण्यांची यादी गल्लीतल्या दुकानात द्यायचो, चार दिवसांनी ती भरून मिळायची. एका बाजूला तीन अभंग, दोन गझला, एक लावणी आणि फीत उरली म्हणून दुकानदाराने स्वतःच्या मनाने घातलेलं अर्धं गाणं. ते गाणं मला आजही अर्धंच येतं.

अशा माणसाला भाच्याने रिटायरमेंटची भेट म्हणून भले थोरले हेडफोन पाठवले. सोबत पाच इंग्रजी अल्बमची यादी आणि एक अट. "मामा, सलग ऐकायचं हं. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने. मधलंच गाणं काढायचं नाही. गीतरामायण तू मधूनच ऐकतोस का?"

मी गप्प बसलो. कारण गीतरामायण मी मधूनच ऐकलेलं आहे. गदिमा, बाबूजी, १९५५ साल, पुणे आकाशवाणी, आठवड्याला एक याप्रमाणे ५६ गाणी, हे सगळं तोंडपाठ आहे. पण ते माझ्या जन्माआधीचं. माझ्या वाट्याला आलं ते शेजारच्यांच्या खिडकीतून. राम वनवासाला निघाला की मी दळण टाकायला निघायचो, आणि पीठ घेऊन परत येईपर्यंत रावण मेलेला असायचा.

तरी यादीतला पहिला लावला. बीटल्स मंडळींचा 'सार्जंट पेपर', १९६७चा. आधी फोनवर कव्हर मोठं करून पाहिलं. ग्रुप फोटोसाठी उभी केलेली ही गर्दी, आणि त्यात आपले चार योगी! जॉर्ज हॅरिसनच्या हट्टाने आलेले. गांधीजीही यायचे होते, पण भारतात लोक दुखावतील या धास्तीने रेकॉर्ड कंपनीने त्यांना काढायला लावलं. कंपनी भारताला चांगलं ओळखून असणार.

दुसरी बाजू सुरू होते तीच हॅरिसनच्या गाण्याने. सतार, तबला, दिलरुबा, स्वरमंडळ. वाजवणारे लंडनमधले आपलेच लोक. परदेशी पाहुणी नऊवारी नेसून हळदीकुंकवाला आली की आपल्याला जसं होतं, तसं मला झालं: कौतुक, आणि निरी कधी सुटेल याची काळजी. पण सुटली नाही. गाणाऱ्याच्या मागोमाग दिलरुबा अशी काही निमूट चालते की मी हातातला पेपर बाजूला ठेवला. आणि पाच मिनिटांचं ते गंभीर गाणं संपताच लोक हसतात! ते हसू म्हणे हॅरिसननेच हौसेने घालून घेतलं. गाऊन झाल्यावर लोकांच्या आधी आपणच हसून मोकळं व्हावं, ही युक्ती आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या गायकांनी जरूर उचलावी.

या अल्बमच्या अगदी शेवटी, पियानोचा तो लांबलचक सूर विरून गेल्यावर, कुत्र्यांसाठी एक बारीक शिट्टी घातली आहे. पोरासोरांना ती ऐकू येते, माझ्या वयाला नाही. म्हणून फोन घेऊन खाली गेलो आणि वॉचमनच्या मोतीच्या कानाशी धरला. मोतीने एक डोळा उघडला, मिटला. तोही येताजाता ऐकणाऱ्यांपैकीच निघाला.

दुसरा पिंक फ्लॉइडचा, 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३चा. अमेरिकेच्या यादीत सातशेहून जास्त आठवडे टिकलेला. हा मी मटार सोलताना लावला. भाच्याला हे सांगितलेलं नाही.

सुरुवातीला काहीच नाही, आणि मग लांबून ठोके. धप-धप, धप-धप. माझी बीपीची गोळी सकाळी घ्यायची राहिली होती. मी शेंगा खाली ठेवल्या आणि मनगटावर बोटं टेकवली. ठोके जुळेनात. म्हणजे ते माझे नव्हते. अल्बमच तसा सुरू होतो, आणि संपतोही तसाच. हेडफोनच्या खोक्यावर वयोमर्यादा छापायला हवी.

सावरतोय तोवर अचानक वीस-पंचवीस घड्याळांचे गजर एकदम कानात. हेडफोन ओढून काढले आणि गॅस बंद करायला धावलो. गॅसवर काही नव्हतंच. ॲलन पार्सन्स नावाच्या त्यांच्या ध्वनिमुद्रकाने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन एकेक टोला वेगवेगळा टिपून आणला होता. गाण्याचा विषय काय, तर माणसाचा वेळ कसा फुकट जातो. मी मटारांकडे पाहिलं. पाव किलोसुद्धा सोलून झाले नव्हते.

खरी मजा पुढे, पैशावरच्या गाण्यात. त्यातल्या चिल्लरीच्या आवाजासाठी रॉजर वॉटर्सने बायकोच्या माती कालवायच्या भांड्यात नाणी टाकली होती. (ती मातीची भांडी घडवायची. तिला विचारून घेतलं का, ते कुठे वाचलं नाही.) त्या खुळखुळाटाच्या तालावर बास गिटार सुरू झाली आणि माझी बोटं ताटाच्या कडेवर आपोआप मोजायला लागली. एक-दोन-तीन, चार-पाच, सहा-सात. पुन्हा मोजलं. सातच! म्हणजे रूपक. ती ती ना, धी ना, धी ना. लंडनच्या चार पोरांनी जगभर खपवलेलं गाणं रूपकाच्या मात्रांवर चाललंय आणि हे मला इतकी वर्षं कुणी सांगितलं नाही! मी रंगात येऊन ठेका धरला. सॅक्सोफोन वाजून गेला तोही सातातच. मग गिटार एकटी सुटली आणि माझी सम हुकली. दोनदा हुकली. तेव्हा लक्षात आलं, पठ्ठ्यांनी मध्येच सात सोडून चार धरले होते. गाणारा परत आला तेव्हा पुन्हा सात. आपल्याकडे मैफलीत असं केलं तर तबलजी बिदागी न घेता उठून जाईल.

"अहो, मटार वाजवू नका," ही आतून म्हणाली.

मग तिच्या कानाला हेडफोन लावून त्याआधीचं गाणं ऐकवलं, ज्यात शब्दच नाहीत. हिने गाण्याच्या मध्यमापर्यंत परीक्षा दिल्यात, त्यामुळे घरात या विषयावर शेवटचा शब्द तिचा. डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाली, "बाई सुरात आहे. पण एवढी रडते का?" मी म्हटलं, क्लेअर टॉरी तिचं नाव, रविवारी बोलावून गाऊन घेतलं आणि तीस पौंड हातावर ठेवले, पुढे तीसेक वर्षांनी कोर्टात जाऊन तिने रचनेत आपलं नाव लावून घेतलं. "मग बरोबर रडते," ही म्हणाली आणि हेडफोन परत दिले.

तिसरा 'रूमर्स', फ्लीटवुड मॅकचा, १९७७चा. हा एकच सलग झाला, कारण हिला पुढे काय झालं ते हवं होतं. पाच जणांचा वाद्यवृंद. त्यातलं एक लग्न मोडतंय, एक प्रेमप्रकरण मोडलंय, ढोलवाल्याच्या घरीही धुसफूस, आणि सगळे एकाच खोलीत बसून एकमेकांवर गाणी लिहितायत. आपल्याकडे एवढ्यात भिशीसुद्धा फुटते. क्रिस्टीनबाईंनी तर दिव्यांची व्यवस्था बघणाऱ्या माणसावर प्रेमगीत लिहिलं आणि त्यात बास वाजवायला घटस्फोट घेत असलेला नवराच. त्याला सांगितलं, गाणं माझ्या कुत्र्यावर आहे.

"आणि त्याने ऐकून घेतलं?" ही म्हणाली.

"वाजवलंसुद्धा."

चौथा 'थ्रिलर'. तो ऐकायची गरज नाही. कॉलेजच्या गॅदरिंगांनी तो माझ्याकडून पाठ करून घेतलाय. पाचवा अजून उघडलेला नाही.

रविवारी भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर तोच पिंक फ्लॉइडचा लोलक, एका बाजूने पांढरा किरण आत आणि दुसऱ्या बाजूने इंद्रधनुष्य बाहेर.

"मग मामा, कसा वाटला?"

"चांगलाय. पण एक रंग कमी आहे."

"काय?"

"ता-ना-पि-हि-नि-पा-जा. यातला पारवा नाहीये."

"मामा, दहा वर्षं घालतोय मी हा."

"मग मोज."

त्याने मान खाली घालून छातीवर बोट ठेवलं आणि एकेक रंग मोजला. मग पुन्हा खालून वर मोजला. सहाच भरले.