ओसरीवरचं प्रात्यक्षिक

2022 साली बुलढाणा जिल्ह्यातल्या आशा स्वयंसेविकांच्या, म्हणजे गावोगावच्या आशाताईंच्या हाती कुटुंबनियोजनाच्या समुपदेशनाचं नवं साहित्य पडलं. त्यात पुरुषाच्या अवयवाची रबरी प्रतिकृती. विषय सोपा करून सांगायचा होता ना! आता ओसरीवर सासरे पेपर वाचताहेत, सासूबाई गहू निवडताहेत, शेजारचं पोर दारात उभं, आणि आशाताईंनी पिशवीतून ते काढून नव्या सुनेपुढे धरायचं. त्याही त्याच गावच्या सूनबाई. संध्याकाळी त्याच हापशावर पाणी भरायचंय. ज्यांना ही कल्पना सुचली, त्यांनी आधी स्वतःच्या घरी, चहाच्या वेळी करून पाहायला हरकत नव्हती.

प्रतिकृती वाईट नव्हे हो, प्रेक्षक चुकले. ज्याने शिकायचं तो नवरोबा पिशवी दिसताच पारावर पसार. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 37.9 टक्के विवाहित स्त्रियांची नसबंदीची शस्त्रक्रिया झालेली दिसते. नवऱ्याने नसबंदी केलेल्या 0.3 टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया सोपी, पण त्याला म्हणे जड उचलावं लागतं. बाईच्या डोक्यावरचा हंडा बहुधा कापसाचा असावा.

र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं ते 1921 साली. शंभर वर्षांत आपण रबरापर्यंत पोचलो, पारापर्यंत अजून नाही. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर का हवं, हे आशाताई भाकऱ्या थापणाऱ्या सुनेशेजारी बसून, सासूबाई उठून गेल्या की हळूच सांगतात. त्या हळूच सांगण्याच्या साहित्याची खरेदी अजून कुणी काढलेली नाही.